आतल्या खोलीतलं ताट

अक्का, तुला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि या नऊ दिवसांत मी एका जागी धड बसलेलो नाही. वर्कशॉपला जातो, लेथपुढं उभा राहतो, काय करायला आलो होतो ते विसरतो आणि परत घरी येतो. सुनंदा विचारते, जेवलात का. मी हो म्हणतो. मग तिच्या लक्षात येतं की अजून स्वयंपाकच झालेला नाही. हे लिहायला सकाळपासून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. ही चौथी वेळ.

माणसं अजून येताहेत. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाला कष्ट पडत नाहीत. एकजण म्हणाला मिरजेला न्यायला पाहिजे होतं, दुसरा म्हणाला पुण्याला. किडन्या गेलेल्या माणसाच्या आतड्याला हातच लावायचा नसतो, हे परवा मला कुणी समजावलं असेल? तुला दवाखान्यात शहाळं घेऊन आले होते त्याच पाहुण्यांनी. डायलिसिसच्या माणसाला शहाळं म्हणजे विष, त्यातलं पोटॅशियम थेट काळीज बंद पाडतं, हे मी त्यांना तेव्हा जिन्यातच अडवून सांगितलं होतं. तू मात्र आतून मलाच दटावलं होतंस, पावण्यांना आधी चहा पाज म्हणून.

सगळे डॉक्टरांना नावं ठेवतात आणि मी ऐकून घेतो. खरं तर त्या सर्जननं तुला दोनदा बजावलं होतं की जोडायचं ऑपरेशन करू नका, आहे तसं राहू द्या. तू ऐकलं नाहीस. का ऐकलं नाहीस हे या घरात दोघांनाच माहीत होतं. त्यातली तू गेलीस. उरलो मी, आणि खाई त्याला खवखवे. शेवटी तू मला एक प्रश्न विचारलास त्याचं उत्तर मी दिलं नाही. ते द्यायला बसलोय. वरातीमागून घोडं.

पण लगेच तिथं येता येत नाही मला. आधी जरा इकडंतिकडं फिरू दे.

दोन हजार दोन साली तू कुरुंदवाडचं भुसार दुकान भाड्यानं देऊन कळंबा रोडला आमच्याकडं राहायला आलीस. दाजी गेल्यावर ते दुकान बारा वर्षं एकटीनं चालवलं होतंस. ब्लडप्रेशरनं किडन्या खाल्ल्या आणि आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला डायलिसिस सुरू झालं, तेव्हा एस.टी.चे धक्के सोसेनात. आल्या आल्या उंबऱ्यातच म्हणालीस, "भावाच्या घरला आलो न्हाय मी. मशीन हितं हाय म्हणून आलोय." मला राग आला होता. तुला कुणाचे उपकार नको असायचे आणि मला ते करून दाखवायचे असायचे, आपलं भांडण पहिल्यापासून हेच.

डायलिसिसच्या खोलीत मात्र तू महिन्याभरात सगळ्यांची अक्का झालीस. चार तास खाटेवर पडून दोन्ही बाजूच्या पेशंटांची सोयरीक काढायचीस. मशीनला तू दुसरा नवरा म्हणायचीस. पहिला कधी बोलवायचा नाही, हा आठवड्यातून दोनदा बोलावतोय, असं तू त्या टेक्निशियनला सांगितलंस आणि तो बिचारा लाजून दुसऱ्या पेशंटकडं गेला. दिवसाचं पाणी ठरलेलं. तुझं फुलपात्र वेगळं, त्यात मोजून घ्यायचीस आणि उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचीस. संध्याकाळी तुला स्कूटरवरून कळंब्याच्या तळ्यावर न्यायचो. तू काठाशी बसून बघत राहायचीस. एकदा म्हणालीस, "डोळ्यानं प्यालं तर चालतंय न्हवं डॉक्टरला?" मी हसलो नाही म्हणून मलाच शिव्या दिल्यास.

थांब, पाणी पिऊन येतो. बघ, हे मी किती सहज म्हणतो.

आई, आपली अव्वा, गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि तेरा वर्षांच्या तुझ्याकडं मला सोपवून अप्पा दुकानात जाऊन बसले. मला पोटाचं कायमचं दुखणं. जुलाब लागले की आठ-आठ दिवस थांबायचे नाहीत. तू मला घरामागं परड्यात नेऊन धुवायचीस, दिवसातून किती वेळा ते आता कोण सांगणार. शाळेतून पोरी तुला हाका मारायला यायच्या आणि तू हात धुऊन कोरडे करत बाहेर यायचीस. हे मला आठवत नाही, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे. तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस. भांडणात माणूस काय काय उकरून काढतो. मी तुला किती वेळा दुकानातल्या मापावरून टोचलं. तू हे कधी काढलं नाहीस.

आणि तुझं पोट बिघडलं तेव्हा तू मला सांगितलं नाहीस.

पाणी कमी, त्यात त्या फॉस्फरसच्या गोळ्या, त्यामुळं पोट साफ होत नाही हे डायलिसिसच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चार दिवस झालं नाही तर कळवा म्हणाले होते. तू कळवायची नाहीस. घरात संडास एक. सकाळी मला वर्कशॉपची घाई, आमच्या शिल्पाला कॉलेजची घाई, आणि तू दाराबाहेर पाऊल वाजलं की उठून यायचीस. भावाच्या घरात संडासात जास्त वेळ बसायचं नाही, हा नियम तुला कुणी घालून दिला होता? मी तरी दिला नव्हता. निदान तोंडानं दिला नव्हता.

दोन हजार चारच्या त्या बुधवारी डायलिसिसहून आलीस आणि पोट धरून पडलीस. वायू धरलाय म्हणालीस. सुनंदाच्या कपाटातलं एरंडेल गुपचूप घेतलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तुझ्या कपाळाला हात लावायला गेली तर तू घामानं भिजलेली आणि पोट फळीसारखं घट्ट. रिक्षात तू एक शब्द बोलली नाहीस, आणि तू बोलत नाहीस म्हणजे काय ते मला त्याच वेळी कळलं.

आतडं फुटलं होतं. सर्जननं मला कागदावर चित्र काढून दाखवलं. माझ्यापेक्षा वयानं लहान माणूस, पण घाई असूनही नीट बोलत होता. किडन्या बंद असल्या की रक्त नीट गोठत नाही. जखम भरायला वेळ लागतो. सलाईन कमी दिलं तर आतड्याला रक्त पोचत नाही, जास्त दिलं तर लघवीच नसल्यानं ते फुप्फुसात साठतं. मी उद्यमनगरात तीस वर्षं पंप दुरुस्त करतोय. मी विचारलं, फुटलेला तुकडा काढून दोन टोकं लगेच जोडता येत नाहीत का. तो म्हणाला, "जोडता येतात. टिकतील याची खात्री नाही. यांच्या शरीरात तो जोड सुटला तर मग आपल्या हातात काही राहत नाही." म्हणून आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावायची. मी सही केली. तुला विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगतो. पाच मिनिटं होती, अक्का. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही.

आत नेताना तुझं भांडण वेगळ्याच गोष्टीवर चाललं होतं. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढा म्हणून सिस्टर सांगत होती आणि तू दोन्ही हातांनी ती धरून ठेवली होतीस. अंगावरचं लिंग अंगापासून वेगळं होत नाही, तेवढ्या दुखण्यात तू तिला सांगत होतीस. सिस्टर ख्रिश्चन होती. तिनं ऐकून घेतलं. मग डबीतून लिंग काढून गॉजमध्ये गुंडाळलं, तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि वरून चिकटपट्टी लावली. त्या सिस्टरचे मी आभारही मानले नाहीत. कालच दवाखान्यात जाऊन आलो, ती नोकरी सोडून गोव्याला गेली म्हणे.

तू वाचलीस. आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी एवढंच विचारलंस, सही कुणाची. माझी, म्हणालो. तू भिंतीकडं तोंड केलंस.

घरी आल्यावर तू पूजा बंद केलीस. रोज सकाळी अंघोळ करून डाव्या तळहातावर लिंग घेऊन अर्धा तास बसणारी तू, आता डबी उघडेनास. मी विचारलं तर म्हणालीस, वर देव धरायचा आणि वीतभर खाली न सांगता घाण येतीय, कसलं तोंड घेऊन बसू. मी वैतागून म्हणालो, सगळ्यांच्याच पोटात घाण असते. तू म्हणालीस, सगळ्यांची झाकलेली असते.

शेवटी मी मठातल्या स्वामींना घेऊन आलो. ते तुझ्याच वयाचे, कुरुंदवाडकडचेच. तू त्यांना सगळं सांगितलंस, एरवी मला कधी सांगितलं नसतंस इतकं. त्यांनी ऐकलं, तपकीर ओढली आणि म्हणाले, "पोटात व्हतं तवर चाललं, पोटावर आलं म्हणून बाटलं व्हय गं? अंगावर लिंग हाय त्येला कसलंच सुतक न्हाय. जन्माचं न्हाय, मरणाचं न्हाय, उष्ट्याचं न्हाय. मग ह्येचं कुठनं काढलंस?" तू म्हणालीस, सांगायला सोपं आहे स्वामी. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांनी तुझ्या शेजारी पाट मांडायला सांगितला, तुझ्या हातानं वाढून घेतलं आणि तुझ्या मांडीला मांडी लावून जेवले. दोनदा भात घेतला. तू रडलीस आणि रडतारडता त्यांना ताक वाढलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी पूजा सुरू झाली. ते पुढचे आठ महिने मला आता सोन्याचे वाटतात, तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. सुनंदाकडून पिशवी बदलायला शिकलीस, मग तिच्यापेक्षा चांगली बदलायला लागलीस. पोटावरच्या त्या तोंडाला तू ‘धाकटी’ म्हणायचीस. धाकटी आज गप हाय, धाकटीनं आज पोरीच्या मास्तरापुढं आवाज केला. शिल्पा हसून लोळायची. संडासाची घाईही संपली म्हणालीस, आता नंबर लावायला नको. मला वाटायचं जमलं. एक बिघाड झाला होता, त्यावर तोड निघाली, चालू आहे. मी यंत्राचा माणूस, चालू आहे म्हटलं की मी दुसरीकडं बघायला मोकळा.

मग शिल्पाचा साखरपुडा ठरला. इथं माझा हात थांबतो. दोन वेळा उठून आलो.

पाव्हणे गडहिंग्लजचे, चांगलं घर. तारीख तूच काढलीस, दोन डायलिसिसच्या मधला दिवस धरून. पोळ्यांना डाळ किती, कटाच्या आमटीला मसाला कुणी वाटायचा, सगळं तुझ्या हुकुमानं. नवं इरकल नेसलीस, हिरवं, लाल काठाचं. आपल्यात रीत अशी की व्याह्यांच्या पंगतीत विहिणीच्या शेजारी आपल्या घरातली सगळ्यात थोरली बाई बसते. अव्वा असती तर अव्वा बसली असती. ती जागा तुझी होती, त्यावर कुणी वेगळं काही बोलण्याचा प्रश्नच नव्हता. बायकांची पंगत मांडली. तू विहिणीच्या शेजारच्या पाटापुढली रांगोळी सारखी करायला वाकलीस. मी मीठ ठेवत तुझ्या अगदी जवळ होतो.

मी म्हणालो, "अक्का, तू आत बस. खाली बसून पोटावर ताण नगं. आत पंखा हाय, तुझं ताट मी तिकडं आणतो."

तू माझ्याकडं बघितलंस. मग "बरं" म्हणालीस. एवढंच. आयुष्यभर एका शब्दाला चार शब्द परत करणारी तू. उठलीस, पदर पोटावर ओढून घेतलास आणि आतल्या खोलीत गेलीस.

ताट मी स्वतः नेऊन दिलं. बाहेर विहीणबाईंनी विचारलं, थोरल्या अक्का कुठं आहेत. त्यांना जरा बरं नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मगाशी तर चांगल्या बोलत होत्या. मी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. पाव्हणे गेल्यावर तुझं ताट उचलायला गेलो तर ते वाढलं तसंच होतं. डायलिसिसच्या पेशंटला भूक लागत नाही, असं मी मनाशी म्हणालो आणि ताट मोरीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तू अंघोळ केलीस आणि डबी न उघडता देवघरासमोरून निघून गेलीस. आठवड्याभरात, मला न सांगता, डायलिसिस संपल्यावर खाली सर्जनकडं गेलीस आणि आतडं जोडून द्या म्हणालीस.

त्यांनी मला बोलावून घेतलं. आपण तिघं बसलो होतो. पहिल्यांदा सांगितलेलं सगळं त्यांनी परत सांगितलं आणि पुढचंही सांगितलं. किडन्या चांगल्या असलेल्या माणसाला हे ऑपरेशन विशेष नाही, तुम्हाला आहे. ऑपरेशननंतर डायलिसिस थांबवता येत नाही आणि डायलिसिसवर प्रेशर पडतं. प्रेशर पडलं की शरीर आधी आतड्याचं रक्त तोडतं. नेमका तिथंच ताजा जोड असणार. पिशवीनं तुमचं आयुष्य कमी होत नाही, जोडानं होऊ शकतं. तू सगळं ऐकलंस. मग विचारलंस, "मी किती जगंन त्ये ऱ्हाऊ दे. जोड धरंल का न्हाय, तेवढं सांगा." ते म्हणाले, धरेल असं मी सांगू शकत नाही. तू म्हणालीस, म्हणजे धरूही शकतो.

बाहेर येऊन मी तुझ्यावर ओरडलो. दवाखान्याच्या आवारात, माणसं बघत असताना. मी किती मोठ्यानं बोलतो ते तुला माहीत आहे, त्या दिवशी त्याहून मोठ्यानं बोललो. जोड म्हणजे काय ते मला विचार म्हणालो, गंजलेल्या पाइपला नवं वेल्डिंग धरत नाही म्हणालो. बहिणीच्या आतड्याला गंजलेला पाइप म्हणालो. तू रिक्षाच्या आडव्या दांडीला धरून उभी होतीस. मी विचारलं, पिशवी असली म्हणून बिघडलं काय तुझं. तू शांतपणे म्हणालीस, "काय बिघडलं त्ये तुला ठावं हाय, तम्मा."

तिथं मी बोलायला पाहिजे होतं. रिक्षावाला थांबला होता, दुपारचे बारा वाजले होते, ऊन होतं, कुणी मला अडवलं नव्हतं. एक वाक्य लागलं असतं. मी रिक्षात बसलो आणि घरापर्यंत बाहेर बघत आलो. ते एक वाक्य तू पुढचे बारा दिवस माझ्याकडं मागत होतीस. जेवताना माझ्याकडं बघायचीस, ऑपरेशनच्या कागदावर मी सही करत होतो तेव्हाही बघत होतीस. या खेपेला तुझ्या अंगठ्याशेजारी माझी सही. तू लिहिता येत असून अंगठा उठवलास. चिडलीस की तू असंच करायचीस.

ऑपरेशन चांगलं झालं. खरंच चांगलं झालं, त्या माणसाच्या हातात काही कमी नव्हतं. रक्त पातळ करायचं औषध न घालता डायलिसिस केलं, पोटॅशियम सकाळ-संध्याकाळ तपासत होते, सलाईनचा थेंबन् थेंब मोजत होते. सगळं घर एकाच गोष्टीची वाट बघत होतं, वारा कधी सरतो, म्हणजे आतडं चालू झालं. गडहिंग्लजहून विहीणबाईंचा फोन, वारा सरला का. वर्कशॉपमधली पोरं विचारायची, शेट, अक्कांचा वारा सरला का. चौथ्या दिवशी सकाळी सरला आणि तू वॉर्डात जाहीर केलंस. सुनंदानं सिस्टरांना पेढे वाटले. एवढ्या कारणासाठी कोल्हापुरात कुणी पेढे वाटले नसतील.

पाचव्या दिवशी तू अंग पुसून घेतलंस, कॉट वर करायला लावलीस आणि डबी उघडलीस. डाव्या तळहातावर लिंग घेतलंस. दुसऱ्या हाताला सुई असल्यामुळं विभूती मी लावली. अर्धा तास तू बसलीस. मी पायाशी उभा होतो, मला बस म्हणालीस, मी बसलो. साखरपुड्यानंतर कधी शांत बसलो असेन तर तेव्हाच.

सहाव्या दिवशी डायलिसिसवर प्रेशर पडलं. संध्याकाळी पोट दुखायला लागलं आणि सातव्या दिवशी सकाळी पोटातल्या नळीतून जे यायला नको ते यायला लागलं. जोड सुटला होता. सर्जन तुझ्याशीच बोलले, माझ्याशी नाही. परत उघडावं लागेल, परत तोंड पोटावर काढावं लागेल, परत पिशवी. तू नाही म्हणालीस. शुद्धीत होतीस, स्पष्ट नाही म्हणालीस. ते बाहेर गेले आणि मला म्हणाले, तासाभरात ठरवा.

मी आत आलो. तुझं अंग तापलं होतं. मी तुझा हात धरला आणि म्हणालो, "अक्का, करून घे. लग्नाच्या पंगतीत तू माझ्या शेजारी बस. आपण एका ताटात जेवू. पिशवी असू दे, काय पण असू दे."

तू माझ्याकडं बघितलंस. मग मान हलवलीस, हो म्हणून. लगेच सिस्टर आल्या, कॉटचे ब्रेक काढले. ऑपरेशनच्या दारापर्यंत मी बरोबर चालत होतो. दाराशी तू मान वळवलीस आणि विचारलंस, "मग त्या दिशी का न्हाय बसीवलंस रे, तम्मा?"

रागानं नाही. मला जे कळत नाही ते तू मला लहानपणी समजावायचीस, तसं विचारलंस. मी तोंड उघडलं. दार लागलं.

त्यानंतर तुला शुद्ध आली नाही. प्रेशर इतकं खाली की डायलिसिस लावता येईना, डायलिसिस नाही म्हणून पोटॅशियम चढत गेलं. सर्जननं जे जे होईल म्हणून सांगितलं होतं ते ते त्याच क्रमानं होत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता संपलं. सर्जन माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. मी त्यांना दोष दिला नाही एवढं एक शहाणपण माझ्या हातून झालं.

तुला अंघोळ घालताना बायकांनी सुनंदाला विचारलं, हे काढायचं का. सुनंदानं नवी पिशवी काढून स्वच्छ लावली. स्वामींनी तुला बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं, कपाळाला विभूती लावली. आपल्यात बसवूनच पुरतात, मातीत तू ताठ बसली होतीस. दुकानात बसायचीस तशीच.

आता तुझं उत्तर. काल सकाळपर्यंत ते माझ्याकडं तयार होतं. मला वास आला होता, अक्का. तू रांगोळी सारखी करायला वाकलीस तेव्हा मला वास आला आणि मी विहिणीकडं बघितलं. पोटावर ताण, पंखा, हे सगळं खोटं. वास आला आणि मला लाज वाटली. ज्या बाईनं मला परड्यात बसवून धुतलं तिची मला लाज वाटली. हे तुला सांगायचं आणि मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. वाईट उत्तर आहे, पण खरं तरी आहे, असं मी धरून चाललो होतो. आला होता वास, मी काय करणार.

काल दुपारी सुनंदा तुझ्या साड्या आवरत होती. ते हिरवं इरकल हातात आलं तशी ती खाली बसली. मला म्हणाली, वन्संनी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून पोटात काही घेतलं नव्हतं. पाव्हण्यांत बसायचंय म्हणाल्या, धाकटी गप्प राहिली पाहिजे. साखरपुड्याच्या सकाळी मी नवी पिशवी लावून दिली आणि संध्याकाळी काढली तेव्हा ती कोरडी होती. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या.

तिला बाकीचं काही माहीत नाही. तिनं साडीची घडी घातली आणि पेटीत ठेवली.

पिशवी कोरडी होती. वास नव्हताच, अक्का. दीड दिवसाची उपाशी तू माझ्यासमोर स्वच्छ उभी होतीस, आणि मी तुला आत बसवलं.